कोपान रुइनास: होंडुरासमधल्या एका शांत गावातला मुक्काम

मध्य अमेरिकेतल्या होंडुरासला चाललोय म्हटल्यावर ह्यूस्टनच्या आमच्या मराठी ग्रुपवर पहिला मेसेज आला, "जिवावर उदार झालात की काय?" साताऱ्याहून आईचा फोन आला तो वेगळाच. सान पेद्रो सुला या तिथल्या मोठ्या शहरातल्या गुन्हेगारीबद्दल नेटवर जे काय वाचायला मिळतं ते बघता त्यांचंही चूक नाही म्हणा. आम्ही त्या शहरात थांबलोच नाही, एअरपोर्टवरून टॅक्सी करून बस टर्मिनल गाठलं आणि तिथून तीन-साडेतीन तासांत डोंगरातल्या कोपान रुइनासला, म्हणजे जवळजवळ ग्वाटेमालाच्या बॉर्डरवरच.

उतरतो तर समोर बजाजच्या रिक्षा! इथे त्यांना मोटोटॅक्सी म्हणतात. नवरा आकुर्डीत वाढलेला, त्यामुळे माहेरचं माणूस भेटल्यासारखा चेहरा झाला त्याचा. फरशीच्या ओबडधोबड चढावर ती रिक्षा जी काय खडखडत गेली ना, अगदी घरच्यासारखं वाटलं.

गेस्टहाऊस म्हणजे एका वयस्कर बाईंचं घरच, मध्ये अंगण, भोवती पाच-सहा खोल्या, व्हरांड्यात दोन हॅमॉक. भाडं चारशे लेम्पिरा, म्हणजे आपले साधारण तेराशे-चौदाशे रुपये. एसी नाही, टीव्ही नाही, पंखा आहे पण गाव डोंगरात असल्याने रात्री लागतच नाही. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, प्यायचं पाणी व्हरांड्यातल्या मोठ्या बाटलीतून घ्यायचं. बाथरूममध्ये शॉवरच्या तोंडालाच हीटर आणि त्याच्या वायरींना काळी चिकटपट्टी. ते बघून मी पहिल्या दिवशी गार पाण्यानेच उरकलं. नंतर कळलं की नळ कमी सोडला की पाणी चांगलं तापतं, जास्त सोडला की गार, आणि आत आंघोळ चालू असली की बाहेरचा दिवा मंद होतो.

पण मला सगळ्यात आवडली ती मागची पिला. सिमेंटचा हौद, त्यात पाणी भरून ठेवलेलं आणि बाजूला कपडे घासायला खाचा पाडलेला उतरता ओटा. नवरा मोठ्या हौसेने शर्ट धुवायला गेला आणि साबणाचा हात थेट हौदात घालायला लागला, तेवढ्यात मालकीणबाई "नो, नो, हॉवेन!" (अरे पोरा!) करत धावत आल्या. हौदातलं पाणी स्वच्छच राहिलं पाहिजे, वाडग्याने घ्यायचं आणि ओट्यावर ओतायचं. त्यांनी त्याच्या हातातून शर्ट घेऊन कॉलर अशी काही घासून दाखवली की तो गप्पच झाला.

खायचे हाल होतील वाटलं होतं पण बालेआदा जिंदाबाद. मैद्याची जाडसर पोळी तव्यावर भाजायची, त्यात घोटलेला राजमा, क्रीम, किसलेलं खारट चीज, दुमडली की झालं. मांस नको एवढं स्पॅनिश येत असलं की बास.

बरेच लोक ग्वाटेमालाहून शटलने येतात, इथल्या प्राचीन माया शहराचे अवशेष बघतात आणि लगेच पुढे पळतात. मला ते अजिबात पटत नाही. अवशेष गावापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहेत, सकाळी आठला गेट उघडतं तेव्हा आत तुम्ही, पहारेकरी आणि झाडांवर कर्कश ओरडणारे लाल मकाव पोपट एवढेच असता. तिकीट स्वस्त नाही, संशोधकांनी देवळांखाली खणलेल्या बोगद्यांचं वेगळं, पण घाई नसली की पैसे वसूल. तिथला 'क्यू' नावाचा चौकोनी दगड बघत आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. इ.स. 776 चा, चारी बाजूंना चार-चार असे सोळा राजे कोरलेत आणि पहिला राजा मधल्या साडेतीनशे वर्षांवरून हात लांब करून सोळाव्याला राजदंड देतोय. म्हणजे गादीवर हक्क कुणाचा याची जाहिरातच! त्याची गरजही होती, कारण तेराव्या राजाला 738 मध्ये किरिग्वा नावाच्या मांडलिक गावाच्या राजाने पकडून मारलं होतं. त्यानंतर पुढच्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास जिन्याच्या पायऱ्यांवर कोरून पूर्ण केला, दोन हजारांवर चिन्हं आहेत, माया लिपीतला आत्तापर्यंत सापडलेला सगळ्यात लांब लेख. पावसापासून वाचवायला वर ताडपत्री ताणलीय, त्यामुळे फोटो बकवास येतात, डोळ्यांनीच बघा.

दुपारी परत येऊन हॅमॉक. मालकीणबाई तिथल्याच डोंगरातली कॉफी आणून द्यायच्या, भरपूर साखर घालूनच, नको म्हटलं तरी. माझं स्पॅनिश तोडकंमोडकं, पण त्यांची नात ह्यूस्टनलाच आहे म्हटल्यावर गप्पांना काय कमी? तिचे फोटो सगळे बघून झाले.

जाणार असाल तर लेम्पिरा कॅश जवळ ठेवा, छोट्या ठिकाणी कार्ड चालत नाही. आणि खोली रस्त्याकडची देत असतील तर अंगणाकडची मागून घ्या, रिक्षांचा आवाज येत नाही. कोंबडा मात्र दोन्हीकडे ऐकू येतो, पहाटे तीनपासून.