मनीमाऊ आणि मनीप्लांट

‘घरात मांजर आहे, मनीप्लांट ठेवला तर चालेल का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मांजर त्याने सहसा मरत नाही, पण तोंड पोळून घेतं. म्हणजे ‘सुरक्षित’ या यादीत तो बसत नाही.

अळू नीट शिजला नाही की घसा खवखवतो, तोच हा प्रकार. मनीप्लांट अळू-सुरणाच्याच कुळातला. पानात, देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की पेशी फुटतात आणि या सुया जिभेत, हिरड्यांत घुसतात. आपण अळू चिंच घालून शिजवतो; मांजर कच्चाच चावतं. त्यातल्या त्यात बरं हे, की पहिल्याच घासाला टोचत असल्यामुळे ते फारसं खात नाही.

मग लाळ गळते, मांजर पंजाने तोंड खरवडतं, एखाददुसरी उलटी होते, वाटीपाशी जाऊन न खाताच परत फिरतं. अशा वेळी तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्याने जीभ-हिरड्या पुसा, चमचाभर पाणी किंवा साधं दही पुढे ठेवा. चाटलं तर चाटलं, कोंबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उद्योग तर अजिबात नको. उलटीबरोबर तेच स्फटिक पुन्हा तोंडात येतात आणि जास्तीचं मीठ हे वेगळंच विष. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलही देऊ नका. आपली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. जीभ सुजली, श्वासाला त्रास होतोय, किंवा दिवसभर काही खाल्लं नाही, तर थेट डॉक्टर.

‘उंचावर टांगलाय हो,’ असं बरेच जण म्हणतात. कुंडी उंचावर असते, वेल मात्र खाली लोंबत असतो. वाऱ्यावर हलणारं टोक मांजराला खेळणंच वाटणार! चांगलं मांजर उभ्या जागेवरून पाच फूट सहज उडी मारतं. फ्रिज किंवा खिडकीचा कट्टा जवळ असेल तर आणखी वर. तेव्हा वेल छाटून आखूड ठेवा आणि छाटलेले तुकडे उघड्या केराच्या डब्यात टाकू नका. हिरवं चघळायची हौस भागवायला गहू रात्रभर भिजवून दोन इंच कोकोपीटवर पसरा. आठवड्याभरात चार बोटं गवत उगवतं. जागा बदलायला तयार असाल, तर स्पायडर प्लांट किंवा अरेका पाम लावा, दोन्ही मांजरांना चालतात.

मला खरी धास्ती वाटते ती भेट म्हणून आलेल्या फुलांच्या गुच्छाची. त्यातली मोठ्या पाकळ्यांची, केशरी-तपकिरी परागांची लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते. पीस लिली नव्हे. ती नावाचीच लिली, कूळ अळूचं. खऱ्या लिलीचं पान, पाकळी, अंगावर सांडलेले आणि मग चाटलेले पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा घातक. आधी उलट्या होतात, मग मांजर सावरल्यासारखं दिसतं आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. 18 तासांच्या आत सलाइन सुरू झालं तर वाचायची आशा बरीच असते. म्हणून लिली चघळताना दिसलं की लक्षणांची वाट बघू नका. लगेच निघा आणि गुच्छातली एक काडी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.