आतड्यातले जिवाणू, पित्त आणि यकृताचा कर्करोग

आतड्यांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल व्हेन या शिरेने यकृतात येते आणि यकृताच्या एकूण रक्तपुरवठ्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग याच वाटेने होतो. साहजिकच आतड्यातील जिवाणू जी द्रव्ये तयार करतात, त्यांतली रक्तात शोषली जाणारी बरीचशी सर्वप्रथम यकृताच्या वाट्याला येतात. यकृताच्या कर्करोगाची कारणे सांगताना हिपॅटायटिस बी व सी, दारू आणि धान्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यांची नावे घेतली जातात. या वाटेकडे मात्र बराच काळ दुर्लक्ष झाले.

२०१३ साली जपानी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडलेला प्रयोग मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो. जन्मतःच कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांना चरबीयुक्त आहाराने लठ्ठ केले असता त्यांच्या आतड्यात डीऑक्सिकोलिक आम्ल वाढले. यकृताने तयार केलेल्या पित्ताम्लांवर काही जिवाणूंनी प्रक्रिया केली की हे आम्ल बनते. ते यकृतात परतल्यावर तेथील तारकाकृती पेशींचे विभाजन थांबले, पण त्या मेल्या नाहीत. उलट दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहिल्या आणि शेजारी गाठी वाढल्या. प्रतिजैविके दिल्यावर गाठी घटल्या, आणि त्याच उंदरांना ते आम्ल वेगळे खाऊ घातल्यावर पुन्हा वाढल्या. केवळ योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही.

२०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवले की पित्ताम्ले बदलणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाने कमी केले, तर उंदरांच्या यकृतात गाठींशी लढणाऱ्या एनकेटी या रोगप्रतिकारक पेशी अधिक संख्येने जमतात.

त्याच वर्षी ओहायोतील टोलेडो विद्यापीठाच्या मातम विजयकुमार यांच्या गटाने ‘सेल’मध्ये दिलेला निष्कर्ष मात्र बुचकळ्यात टाकणारा आहे. जिवाणूंचा समतोल आधीच बिघडलेल्या, टीएलआर५ हा जिवाणूंची चाहूल घेणारा ग्राही (पेशीवरील प्रथिन) नसलेल्या उंदरांच्या खाद्यात शुद्ध इन्युलिन, म्हणजे आतड्यात जिवाणू आंबवतात असा विरघळणारा तंतू, मिसळल्यावर त्यांतल्या काहींना कावीळ आणि पुढे यकृताचा कर्करोग झाला. न आंबणाऱ्या सेल्युलोज या तंतूने तसे घडले नाही. इन्युलिन कांद्या-लसणातही असते, पण म्हणून कोणी कांदा सोडण्याचे कारण नाही. ‘आतड्यासाठी उत्तम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांकडे मात्र मी आता साशंकतेने पाहतो.

माणसांबाबत पुरावा याहून दुबळा आहे. सिऱ्होसिसच्या (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होण्याच्या विकाराच्या) रुग्णांच्या आतड्यातील जिवाणू निरोगी माणसांपेक्षा वेगळे असतात, हे अनेकदा दिसले आहे. परंतु रोगामुळे आहार, औषधे आणि पित्ताचा प्रवाह सारेच बदलत असल्याने यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे केवळ अशा तुलनेतून ठरत नाही. त्यासाठी फॅटी लिव्हर असलेल्या माणसांचे मलाचे आणि रक्ताचे नमुने गाठ दिसण्याच्या कितीतरी आधीपासून, वर्षानुवर्षे घेत राहावे लागतील.