दिवाईले नाव, आखाजीले गाडी

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस राहिले होते. दुपारच्या उन्हात अमळनेरची गल्ली अगदी शांत होती. पुण्याहून आलेली एक मुलगी आपल्या आजीला हाताला धरून माझ्या खोलीची पायरी चढवत होती. चित्र तयार होतं, फक्त चौकट बाकी होती. "ताई, चौकटीआधी एकदा आजीला दाखवते," असं ती आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती. मी हो म्हटलं. मनात मात्र होतं की दाखवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, काम संपलंय.

मी जुन्या नकाशांची चित्रं करते. ही खोली मुळात वडिलांच्या बाइंडिंगची. दुकानदारांच्या चोपड्या, शाळांची हजेरीपत्रकं, ग्रंथालयांची फाटलेली पुस्तकं इथे शिवली जायची. मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलं, काही वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एकदा रद्दीवाल्याकडे नकाशांची गुंडाळी दिसली आणि तिथून हे सुरू झालं. शाळेच्या भूगोलाच्या खोलीतले मांजरपाटावर चिकटवलेले भिंतीवरचे नकाशे, दांडी तुटली म्हणून टाकलेले. त्यातल्या एकावर 'पूर्व खानदेश' आणि 'पश्चिम खानदेश' असे दोन जिल्हे होते. १९०६ साली एका खानदेशाचे हे दोन झाले. पुढे त्यांना जळगाव आणि धुळे म्हणू लागले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. तो नकाशा मी कापला नाही. ज्यावर कुणाचा शिक्का आहे, हाताने लिहिलेली टीप आहे किंवा ज्याची दुसरी प्रत मिळणार नाही, त्याला कात्री लावायची नाही हा माझा पहिला नियम. जे दुबार आहे, वाळवीने अर्धं खाल्लंय, तेच कामाला घेते. नाहीतर छापील प्रत काढते.

माझी पद्धत गोधडीची आहे. नकाशाचे तुकडे मांजरपाटावर खळीने बसवायचे आणि वरून धावदोरा घालायचा. कागद शिवताना सुई थेट घालता येत नाही. आधी टोच्याने भोकं पाडून घ्यावी लागतात. ती फार जवळ पडली तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखा कागद तिथूनच सुटतो. दोरा मेणातून ओढून घ्यायचा. खळ मैद्याची, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. वडील असंच करायचे. फेविकॉल ते हाताळायचेच नाहीत. "चिकटलेलं उद्या कुणाला तरी सोडवावं लागतं," एवढंच म्हणायचे. त्या वाक्याची किंमत मला त्या दुपारी कळली.

नातीने सांगितलेलं काम साधं होतं. आजीचं माहेर तापीच्या उत्तरेला, चोपडा तालुक्यात. सासर दक्षिणेला, अमळनेर तालुक्यात. गावांची नावं इथे लिहीत नाही. 'माहेर ते सासर' असा रस्ता लाल दोऱ्याने दाखवायचा होता. आजीसाठी आखाजीची भेट. तिने फोनमधला रस्ता मला पाठवला, पुलावरून जाणारा, एकतीस किलोमीटरचा.

माझ्याकडे त्या भागाचे सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने तक्ते होते, एका इंचाला एक मैल या मापाचे. या मापाचा मला फार लोभ आहे. दोऱ्याचा एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल, हिशेब करावा लागत नाही. पण अडचण अशी की ही दोन गावं एका तक्त्यावर नव्हती. ४६ ओ या भागाचे सोळा तक्ते आहेत. सासर ४६ ओ/४ वर आणि माहेर ४६ ओ/८ वर. मधली रेघ पूर्व रेखांश ७५ अंश १५ मिनिटांची.

दोन तक्ते जोडणं हे या कामातलं सगळ्यात जिकिरीचं काम. ओला झाला की कागद फुगतो, आणि दोन्ही बाजूंनी सारखा फुगत नाही. धाग्याच्या आडव्या दिशेला जास्त, उभ्या दिशेला कमी. एक तक्ता वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेला, दुसरा घडी घातलेला. जोडायला गेले तर एका बाजूचं जुळलं की दुसऱ्या बाजूचं सरकायचं. दक्षिणेकडे एक तांबडी सडक दोन्ही तक्त्यांवरून जात होती. ती तरी अखंड दिसावी म्हणून मी एक कागद दुसऱ्यावर पाच मिलिमीटर चढवला. या मापात पाच मिलिमीटर म्हणजे तीनशे मीटरहून जास्त जमीन. डोळ्यांना तो सांधा सुंदर दिसत होता. मला त्याचा अभिमानही वाटला होता, हे कबूल करते.

आजी खुर्चीवर बसली. चित्र मी मांडीएवढ्या उंचीच्या पाटावर ठेवलं. तिला वाचता येत नाही आणि नकाशावरची नावं तर इंग्रजी. नातीने बोट धरून दाखवलं, हे तुझं माहेर, हे आपलं गाव, हा लाल दोरा म्हणजे रस्ता. आजीने दोऱ्यावरून बोट फिरवलं. पुलाजवळ बोट थांबलं.

"हाऊ कोना रस्ता शे वं माय?"

नात म्हणाली, "तुझाच आहे आजी. तू याच रस्त्याने आलीस ना?"

"मना रस्ता नदीमाईन जाये."

मला आधी वाटलं, वयामुळे काहीतरी गोंधळ होत असेल. पण आजीचा गोंधळ नव्हताच. तिने माझ्याकडे वळून एकेक सांगायला सुरुवात केली. पूल तेव्हा कुठे होता? भाऊ मुराळी म्हणून बैलगाडी घेऊन यायचा. कोंबडा आरवला की निघायचं. गावाबाहेर निंबाचं झाड, मग नाला, नाल्यापलीकडे काळ्या जमिनीतली गाडवाट. तिथे चाकं रुततील म्हणून पावसाळ्यात त्या वाटेला कुणी जात नसे. मग तापी. वैशाखात पाणी एवढं आटलेलं असायचं की नदीच्या उथळ उतारावरून गाडी पलीकडे जायची, बैलांच्या गुडघ्याएवढं पाणी. मधल्या वाळूत बैल सोडायचे, दशम्या खायच्या. उन्हं तापायच्या आत माहेरी.

"आणि दिवाळीला?" मी विचारलं.

"दिवाईले नाव, आखाजीले गाडी."

किती सरळ उत्तर! पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत नदीत असतं, म्हणून नाव, म्हणजे होडी. आखाजीला ते ओसरलेलं, म्हणून गाडी. म्हणजे तिच्या माहेराला एक रस्ता नव्हताच, ऋतूप्रमाणे दोन होते. आणि मी फोनवर दिसणारा तिसराच एक रस्ता टाके घालून पक्का केला होता, ज्यावरून ती बाई तरुणपणी कधी गेलीच नव्हती. नातीला भेट म्हणून जो द्यायचा होता तो आखाजीचा रस्ता. तो चित्रात नव्हता.

मी तक्त्यांच्या छापील प्रती बाहेर काढल्या. काम सुरू करण्याआधी मी नेहमी प्रत काढून ठेवते, नशीब. दोन्ही प्रती काचेवर ठेवून खालून दिवा लावला आणि भिंग घेतलं. आजी सांगत गेली, मी शोधत गेले. गावापासून उत्तरेला तुटक रेघ, म्हणजे गाडवाट. निळा नाला, ती रेघ त्याला काटकोनात ओलांडते. पुढे पिवळी, पिकाखालची जमीन. मग नदीपात्र, त्यात बारीक ठिपके टाकलेली वाळू. आणि पात्रावर अगदी लहान अक्षरांत 'फोर्ड' असं छापलेलं, म्हणजे उतार. थोडं वर, पात्राच्या खोल बाजूला, 'फेरी' असं लिहिलेलं. नाव.

दोन्ही शब्द नेमके ७५ अंश १५ मिनिटांच्या रेघेला लागून होते. माझ्या चित्रात ते कुठे गेले हे मला न बघताच कळलं. तांबडी सडक जुळावी म्हणून मी जो कागद पाच मिलिमीटर चढवला होता, त्याच्या खाली.

फार वाईट वाटलं. शोभेसाठी केलेल्या एका जोडात तिचा उतार, तिची नाव आणि दशम्यांची वाळू मी पुरून टाकली होती. नात म्हणाली, "राहू दे ताई, छान दिसतंय, आजीला आम्ही समजावू." मला ते पटेना. शोभेची चित्रं पुष्कळ मिळतात. नकाशाचं चित्र एखाद्या माणसासाठी करायचं तर त्यातली वाट त्याच माणसाची हवी.

मी दोरा उसवला. एकोणीस इंचांहून थोडा अधिक निघाला. मग सांध्यावर ओला टिपकागद ठेवला, वर प्लास्टिक, त्यावर जड पुस्तक. वीस मिनिटं. मैद्याची खळ पाण्याने मऊ होते आणि कागदाला न दुखावता सोडून देते. फेविकॉल असतं तर कागदाचे पापुद्रे निघाले असते आणि खालची अक्षरं वरच्या कागदाबरोबर गेली असती. ती वीस मिनिटं आजीने चहा घेतला आणि खोलीतल्या गोधड्या उलटसुलट करून पाहिल्या. टाके पाहून तिने मान हलवली. चांगले की वाईट, ते सांगितलं नाही.

हाडाच्या सुरीने सांधा उचलला. खाली उतार जसाच्या तसा होता. आता दोन्ही तक्ते रेघेला रेघ लावून, वर न चढवता, कडेला कड ठेवून बसवले. तांबडी सडक तिकडे दक्षिणेला एक टाका सरकली. सरकू दे. आजीचं त्या सडकेशी काही देणंघेणं नाही आणि मी मात्र ती सरळ करत बसले होते. जुन्या दोऱ्याची भोकं मी ओल्या कागदाच्या लगद्याने एकेक करून बुजवली. पूर्ण लपली नाहीत. तिरप्या उजेडात पुलाचा रस्ता बारीक ठिपक्यांनी अजून दिसतो.

कागद दाबाखाली वाळायला हवा होता. त्या दोघी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आल्या.

मी टोच्या घेतला आणि सवयीने उत्तरेच्या गावापासून सुरुवात करायला गेले. 'माहेर ते सासर', असंच तर सांगितलेलं होतं. आजीने माझा हात धरला आणि खाली, दक्षिणेच्या गावावर आणून ठेवला. रस्ता इथून सुरू होतो. इथून तिकडे.

आम्ही दोघी, मी आणि नात, एकमेकींकडे बघत राहिलो. लग्नाची वाट माहेरून सासरी येते म्हणून आम्ही तशी धरली होती. पण लग्न एकदाच झालं. त्यानंतर दर आखाजीला ती सासरहून माहेरी गेली. घागरीवर ठेवलेलं डांगर, अंगणातला झोका, गौराईची गाणी म्हणणाऱ्या मैत्रिणी, ज्या आता कुणी राहिल्या नाहीत, ते सगळं त्या टोकाला होतं.

"आणि परतीची वाट, आजी?" मी विचारलं. "दुसऱ्या रंगाचा दोरा घेऊ?"

"येवाना रस्ता माले कसाले पुसस? डोयाले पदर राहे."

परतीचा दोरा घातला नाही.

उताराच्या जरा अलीकडे, वाळू सुरू होण्याआधी, तिने सुई मागितली. चष्मा नव्हता, पण बोटांनी भोकं चाचपत तिने धावदोरा पुढे नेला. तिचे टाके माझ्यापेक्षा लहान आणि एकसारखे. वाळूवर तिने एक टाका जास्तीचा घातला, वर थोडा उचलून, आणि मग सरळ माहेरापर्यंत. तो जास्तीचा टाका कशासाठी, हे मी विचारलं नाही. तिथे बैल सोडायचे, एवढं मला ठाऊक होतं.

शेवटची गाठ मारायची होती. आजीने चित्र जवळ ओढलं. अंगठा सासरच्या गावावर ठेवला, करंगळी ताणली. वीत माहेराच्या अलीकडेच थांबली, अर्ध्या इंचाने कमी पडली. वर एक बोट लावल्यावर पोचली.

"इतलंच व्हतं का वं?"

मी दोरा मोजला होता. साडेनऊ इंच. साडेनऊ मैल, पंधरा किलोमीटर. नातीने तिला सांगितलं, पुलावरून एकतीस आहे ते आजी, पण गाडीने अर्ध्या-पाऊण तासात होतं, आखाजीला जाऊन येऊ. आजीने ऐकलं. हात तसाच ठेवून म्हणाली, "वरीसमा दोनदा."

अंधार पडायला लागला तरी हात उचलेना. मी दिवा लावला. जाताना तिने चौकटीबद्दल एकच सांगितलं, काच नको. धूळ बसेल, कागद पिवळा पडेल, असं मी म्हणून पाहिलं, कारण तेही खरंच आहे. पण तिला हात लावायचा होता. मी काच लावली नाही.