काल चढलीस? मग आज चाचणी नाही

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, एर्लांगेनहून ट्रेन पकडून जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या क्लाइंबिंग हॉलवर बोटांच्या ताकदीची चाचणी द्यायला पोचले, तर ती घेणाऱ्या बाईंचा पहिलाच प्रश्न: "काल चढलीस का?" मी हो म्हटलं. "मग आज नाही. दोन दिवस बोटांना विश्रांती देऊन ये." पैसे भरलेले, वेळ ठरलेली. मी विनवण्या केल्या, वादही घातला. त्या ढिम्म. परतताना ट्रेनमध्ये रडू आलं. आमच्या गोव्यात, पेडण्यात, कुणीतरी "आलीयेस ना, मग घेऊन टाकूया" म्हणून सांभाळून घेतलंच असतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. दमलेली बोटं खोटा आकडा देतात आणि त्या आकड्यावर पुढचे दोन महिने चुकीचा सराव होतो, हे बाईंनी तेव्हा शांतपणे समजावलं. अर्धा तास नुसतं अंग गरम करायला लावलं. मग 20 मिलिमीटरची लाकडी पट्टी. बोटं हाफ क्रिम्पमध्ये, म्हणजे मधल्या पेरात काटकोनात वाकवलेली, अंगठा मोकळा, 10 सेकंद लोंबकळायचं. जमलं की हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, वजन वाढवायचं. मध्ये तीन-तीन मिनिटं थांबायचं. बोटं जरा उघडली की प्रयत्न बाद. माझं वजन 54 किलो, शेवटी 9 किलो बांधून टिकले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 117 टक्के!

खरी परीक्षा पुढे होती. एका हाताने 7 सेकंद पूर्ण जोर लावून पट्टी ओढायची, 3 सेकंद सोडायची, असं 24 वेळा. पडद्यावर जोराची रेघ घसरत जाते आणि शेवटी एका पातळीवर सपाट होते. आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त नीट पोचतं ते सोडलेल्या 3 सेकंदांत. तेवढ्यावर हात जो जोर टिकवून धरतो, ती ही पातळी. माझी बरीच खाली निघाली. भिंतीच्या वरच्या टप्प्यात माझे हात दगड होतात आणि मी सुटते. दोन वर्षं मला वाटत होतं, मी घाबरते. घाबरत नव्हते मी!

उंचीचंही विचारलंच. पाच फुटांची म्हणून शाळेत मला व्हॉलीबॉलच्या संघात कधी घेतलं नाही. बाईंनी 2000 सालचा एक अभ्यास दाखवला. 44 चढाईपटू तपासले होते. कामगिरीतल्या फरकापैकी 58.9 टक्के उलगडा सरावाने वाढणाऱ्या गोष्टींतून झाला, उंची-बांध्यासारख्या मापांतून फक्त 0.3 टक्के. ते पान मी फोटो काढून आईला पाठवलं.

इथल्यांना बोटांच्या ताकदीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. वोल्फगांग ग्युलिश यांनी 1988 मध्ये याच शहरात कॅम्पस बोर्ड बनवला. तिरप्या फळीवर आडव्या पट्ट्या, पाय न टेकता नुसत्या हातांनी वर जायचं. त्या जोरावर 1991 मध्ये ते जवळच्या फ्रँकेन्युरात 'अ‍ॅक्शन डायरेक्ट' हा कातळावरचा खडतर मार्ग चढले. पण हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचे रेंदेर, माडाची ताडी काढणारे, येत होते. सूर, म्हणजे ताडी, काढायला सकाळ-संध्याकाळ आणि पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासायला दुपारी, दिवसातून तीनदा माडावर. दोरी नाही, खाली गादी नाही. त्यांच्या हातांची रेघ कुणी काढली? आमच्या भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या, नारळ पाडणाऱ्या पाडेलीकाकांना एका माडाचे किती द्यायचे यावर घासाघीस करणाऱ्यांत आमचंही घर होतं. आणि मला, मुलीने माडावर चढू नये म्हणून, खालीच उभं केलं जायचं. मी इथे का राहिले असं विचारणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

गणेश चवथीला घरी येतेय. पट्टी आणि वजनकाटा बॅगेत घेतलाय. काकांच्या बोटांचा जोर मोजायचाच. बाबांना फोनवर सांगितलं, की त्याआधी त्यांना दोन दिवस माडावर चढू देऊ नका. बाबा म्हणाले, "चवथीच्या तोंडावर? आख्ख्या वाड्याचे नारळ काढायचे असतात त्यांना."