सतरंजीवरचे सिनेमे

गणेशोत्सवात इंदूरच्या आमच्या रामबागेत कार्यक्रमांची रेलचेल असायची. पाठांतर स्पर्धा, मुलांची नाटुकली, बायकांची भजनं. अनंत चतुर्दशीला कापड मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला तर सगळं शहर रात्रभर रस्त्यावर. मी मात्र वाट पाहायचो ती मंडळाच्या मराठी सिनेमाची.

१६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर यायचा, दोन बांबूंच्या मध्ये पडदा ताणला जायचा आणि जेवणं उरकून माणसं सतरंज्या अडवायला धावायची. उशिरा येणारे पडद्यामागे बसत. तिथूनही चित्र दिसे, पण उलटं; सगळी पात्रं डावखुरी! रीळ संपलं की दिवे लागत. ऑपरेटरकाका नवं रीळ चढवून फिल्म दातेरी चाकांवर हलक्या हाताने बसवत, तोवर नुक्तीचा, म्हणजे गोड बुंदीचा, प्रसाद वाटून होई.

आमची घरं होळकरांच्या काळात इकडे आलेली. शाळेत हिंदी, बाजारात माळवी, घरात मराठी. महाराष्ट्रातलं खेडं आम्ही बऱ्याच मुलांनी पहिल्यांदा पाहिलं ते या पडद्यावर, आणि तिथली बोलीही तिथेच ऐकली. एखादा शब्द अडला की शेजारी बसलेली आजी कानात अर्थ सांगायची.

त्यात 'संत तुकाराम' माझा सगळ्यात लाडका. प्रभातचा, १९३६चा, दामले-फत्तेलाल यांचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम शांत, तृप्त; पण मला खिळवून ठेवलं ते गौरी या नटीने उभ्या केलेल्या आवलीने, तुकोबांच्या बायकोने. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेलं, नवरा अभंगात बुडालेला. ही बाई थेट देवळात जाऊन विठोबालाच जाब विचारते. त्या वेळी सतरंजीवरच्या बायका एकदम सावरून बसायच्या. भक्तीच्या सिनेमात संसाराची बाजू इतक्या जोरकसपणे मांडलेली मी नंतरही फारशी पाहिली नाही. 'आधी बीज एकले' सुरू झालं की मागची म्हातारी मंडळी हात जोडत. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलंय, हे किती जणांना ठाऊक असेल! तुकोबांच्या मुखी शोभेल असं लिहिणं ही केवढी मोठी गोष्ट.

'सामना' लागला त्या वर्षीची गंमत वेगळी. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. नंतर कितीतरी दिवस गल्लीतली पोरं येता-जाता सिनेमातल्या गायब झालेल्या माणसाबद्दल एकमेकांना विचारत होती, "मारुती कांबळेचं काय झालं?" मोठी माणसं मात्र ओट्यावर बसून त्या प्रश्नावर गंभीरपणे वाद घालत. सिनेमातलं साखर कारखान्याचं राजकारण माळव्यातल्या नोकरदारांना असं उमगलं.

आणि 'जगाच्या पाठीवर'. राजा परांजपे यांचा. गदिमांचे शब्द, बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, चाल. गाण्यांसाठी पुन्हा पुन्हा बघावा, पण परांजप्यांचा चेहरा बघायला विसरू नका. हसता हसता त्या चेहऱ्यावर दुःख कधी येऊन बसतं, ते कळतही नाही.

हल्ली उत्सवात मोठा एलईडी पडदा येतो, नवे सिनेमे लागतात. तेही मी आवडीने पाहतो. पण मंडळांनो, एक रात्र जुन्यासाठी ठेवाच. सुरुवात 'संत तुकाराम'ने करा, खुर्च्यांऐवजी सतरंज्या घाला आणि नातवंडांना आज्यांच्या शेजारी बसवा. आवलीचे टोमणे पोरांना कुणीतरी समजावून सांगायला हवेत.