तुम्ही विचारलंत म्हणून: आडनावच नाही तर जात कशी?

"तमिळनाडूत लोक आडनावं लावत नाहीत, पेरियारांची भूमी ती, तिथे कसली आलीय जात?" मी तमिळ कादंबऱ्यांबद्दल बोलायला लागले की हे कुणीतरी विचारतंच, परवा तर घरच्या हळदीत एका काकांनी हातात ताट धरून विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आडनाव नाही हे खरंय. वडिलांच्या नावाचं इनिशियल लावतात आणि झालं. पण मी कोइम्बतूरला नोकरीला होते तेव्हा घर बघायला गेले तर मालकांनी भाडं सांगायच्या आधी विचारलं, गाव कुठलं? कोल्हापूर. कोल्हापुरात कुठे? मग कुळदैवत कोणतं? म्हटलं जोतिबा. आता जोतिबावरून काय कळणार त्यांना, चुकीचा ओटीपी आल्यासारखे बघत राहिले बिचारे.

वाचायला तमिळ येत नाही मला, सगळं इंग्रजी अनुवादातून. दलित लेखिका बामा यांचं 'करुक्कु' (१९९२) आधी हाती आलं, ते खरं तर आत्मकथन. त्यात लहानगी बामा बघते की वस्तीतला एक वयस्कर माणूस वड्यांचं पुडकं नुसत्या दोऱ्याला धरून लोंबकळत नेतोय, तिला हसू आवरत नाही, आणि घरी भाऊ सांगतो की पुडक्याला हात लागला असता तर मालकाला ते बाटलं असतं.

पेरियारांचं म्हणाल तर ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्धची ती चळवळ मोठीच, पण गावातली जमीन बऱ्याच ठिकाणी ब्राह्मणेतरांकडेच होती आणि या पुस्तकांत काठी त्यांच्याच हातात दिसते. कादंबरीकार इमयम तर त्याच्याही खाली उतरतात. 'कोवेरु कळुदैगळ' (१९९४) मधली आरोक्यम ही दलितांचे कपडे धुणाऱ्या पुदिरै वण्णार जातीची, म्हणजे ज्यांना गाव शिवत नाही त्यांच्या दारात ही भाकरतुकडा मागणार, सुगीला धान्यासाठी पदर पसरणार, आणि तेही हात आखडता घेणार. दलितांनाच छळणारे दाखवलंत म्हणून इमयमवर टीका झाली. मला विचाराल तर आरोक्यमचं ते अजीजीनं बोलणं वाचून मी दोन दिवस दुसरं काही वाचू शकले नाही.

आणि मग पेरुमाळ मुरुगन. पश्चिम तमिळनाडूतल्या कोंगू भागातल्या शेतकरी घरातले, लिहितात तेही त्याच माणसांवर. त्यांच्या 'मादोरुबागन' कादंबरीवरून एवढा गोंधळ झाला की जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी 'लेखक पेरुमाळ मुरुगन मेला' असं फेसबुकवर जाहीर केलं, पुढच्या वर्षी मद्रास हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ते सगळं पेपरात आलंच होतं. मी सांगतेय ती या गोंधळाच्या आधीची कादंबरी, 'पूक्कुळी' (२०१३). धर्मपुरीचा इळवरसन, दलित मुलगा, वन्नियर या दलितेतर जातीतल्या मुलीशी लग्न केलं आणि २०१३ च्या जुलैत रेल्वे रुळांजवळ मेलेला सापडला, त्याला अर्पण केलीय. गोष्ट साधी. सोड्याच्या दुकानात काम करणारा कुमरेसन सरोजाशी लग्न करून तिला गावी आणतो, आणि सासूपासून शेजारणीपर्यंत सगळे एकच विचारत राहतात, कुठल्या जातीची? तो म्हणतो आपल्यातलीच. कुणाला पटत नाही. शेवट सांगत नाही, वाचा.

पण एक सांगते. तिची जात मुरुगन अख्ख्या कादंबरीत कुठेच सांगत नाहीत. आणि शंभरेक पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मागची पानं पुन्हा उलटून तिचा रंग, तिचं बोलणं, माहेरचं गाव असं काय काय हुडकत बसलेय.