उंदीर दहा आठवड्यांचा, बाबा चौसष्ट वर्षांचे

परवा एका विद्यार्थिनीचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, तपासायला घेतला. अर्जुनसालीचा अर्क २८ दिवस तोंडावाटे, शेवटचे दोन दिवस हृदयाला झटका आणणारं आयसोप्रोटेरेनॉल. विस्टार जातीचे उंदीर, फक्त नर, वजन १८० ते २२० ग्रॅम. तिथेच थांबले. एम. फार्म.ला असताना हीच ओळ मीही लिहिली होती, जवळजवळ शब्दाला शब्द.

आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत हार्ट अटॅकचा अभ्यास बहुतेक असाच चालतो. रोना आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवलेली ही पद्धत. आयसोप्रोटेरेनॉल वजनाच्या किलोला ८५ मिलिग्रॅम, २४ तासांच्या अंतराने दोनदा, कातडीखाली. म्हणजे २०० ग्रॅमच्या उंदराला एका वेळी १७ मिलिग्रॅम. द्रावण ताजंच करायचं आणि बाटलीला फॉइल गुंडाळायची, नाहीतर उजेड-हवेने ते गुलाबी पडतं. औषध गेलं की हृदय बेफाम धावू लागतं, त्याची ऑक्सिजनची गरज पुरवठ्यापलीकडे जाते, पेशींत कॅल्शियम भरतं आणि स्नायू मरायला लागतो. छाती उघडावी लागत नाही, महागडी यंत्रं लागत नाहीत. म्हणून हीच पद्धत सगळीकडे. उंदराची रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याचीही रीत आहे, पण त्याला व्हेंटिलेटर हवा आणि हात फार बसलेला हवा.

मला आठवतो तो पहिला काप. गोठवलेलं हृदय ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरचं कापलं आणि टीटीसी या रसायनाच्या द्रावणात ३७ अंशांवर ठेवलं. वीसेक मिनिटांत जिवंत स्नायू जांभ्या दगडासारखा लाल झाला. मेलेला भाग तसाच फिक्का राहिला, ओल्या खडूसारखा. अर्क दिलेल्या गटात फिक्का भाग कमी होता. त्या संध्याकाळी मी कोकणात घरी फोन करून बाबांना सांगितलं होतं, आपल्या अर्जुनाने काम केलं!

पुढे काही वर्षांनी बाबांनाच अटॅक आला. वय ६४, मधुमेह बारा वर्षांचा, बीपीची गोळी चालू. रात्री छातीत जळजळतंय म्हणून आईने ओवा दिला, मग सोडा. तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत चार तास उलटले होते. मला एसटीत सारखे राइमर आणि जेनिंग्ज हे संशोधक आठवत होते. कुत्र्यांची रक्तवाहिनी बंद करून त्यांनी १९७७ साली दाखवलं होतं की स्नायू एकदम मरत नाही. मरण आतल्या थरात सुरू होतं आणि लाटेसारखं बाहेर सरकत जातं. चाळीस मिनिटांनी रक्त सुरू केलं तर बाहेरचा बराच भाग वाचतो. तीन तासांनी पुष्कळ गेलेलं असतं, सहा तासांनी वाचवण्यासारखं फार थोडं उरतं. त्यातही कुत्र्याच्या हृदयात रक्ताला आडवाटा बऱ्याच असतात. डुकराला फार कमी. माणसांत त्या किती असतील हे माणसागणिक वेगळं. बाबांचे चार तास मी कुठल्या प्राण्याच्या हिशेबाने मोजायचे?

बाबा वाचले. हृदयाचा पुढचा भाग मात्र नीट आकुंचन पावत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमचे ते उंदीर वाचायचे का गं?" मी म्हटलं, नाही बाबा, शेवटी सगळेच कापावे लागतात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग नीट बघत जा त्यांच्याकडे."

मी नीट पाहिलं नव्हतं. माझे उंदीर दहा आठवड्यांचे, निरोगी, सगळे नर. त्यांच्या रक्तवाहिनीत चरबी साचलेली नव्हती, गुठळीही अडकली नव्हती. आणि सर्वांत मोठी गोष्ट, मी औषध आधी २८ दिवस देत होते आणि झटका नंतर. माणूस दवाखान्यात येतो तो उलट क्रमाने. सायक्लोस्पोरिन या औषधाने प्राण्यांत आणि मग एका लहान मानवी चाचणीतही हृदयाचा स्नायू वाचवण्याची आशा दाखवली होती. २०१५ साली सुमारे ९७० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्याचा काही उपयोग दिसला नाही. त्या प्राण्यांचे जीव फुकट गेले असं मला म्हणवत नाही. पण मॉडेल, म्हणजे कुठला प्राणी आणि कुठली पद्धत, हे निवडतानाच माणसाचा विचार केला नाही, तर फुकट जातातच.

मुलीला बोलावलं. अर्क झटक्यानंतर देणारा एक गट घे, माद्या घे, वय वाढव, असं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, उंदीर म्हातारे व्हायची वाट बघत बसले तर माझी डिग्री कधी होणार?" तिचंही बरोबर होतं. शेवटी आम्ही दोघी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेलो. पैदाशीतून काढलेले उंदीर तिथे वेगळ्या पिंजऱ्यांत होते, अंगाने जड, चालीने सुस्त. तिथल्या काकांनी एक माझ्या हातावर ठेवला. तो बराच वेळ अंगठ्याचा वास घेत राहिला.

एथिक्स कमिटीचा अर्ज काल तिने पुन्हा भरला. प्रत्येक गटात किती प्राणी आणि तेवढेच का, हे अर्धं पान लिहिलंय. वयाच्या रकान्यात आता आठवडे खोडून लिहिलंय, १२ महिने.